वेग आला कुठून?

चाचांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा एकच प्रश्न तीन वेळा विचारला. "कंपायलर म्हणजे काय?" पहिल्यांदा मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. त्यांनी ती ऐकून घेतली, वहीत काहीच लिहिलं नाही, आणि तोच प्रश्न तशाच आवाजात पुन्हा विचारला. मला वाटलं, कमी ऐकू येत असेल बिचाऱ्यांना. मी तीच व्याख्या जरा मोठ्यानं म्हटली. त्यांनी मान हलवली आणि तिसऱ्यांदा विचारलं, "कंपायलर म्हणजे काय?" आता मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, आपण माणसांसारखं लिहितो, ते मशीनला कळत नाही. मशीनला कळेल असं करून देणारा मधे कुणीतरी लागतो. तो कंपायलर!"

तेव्हा कुठे चाचांनी पेनाचं टोपण काढलं. "पहिलं उत्तर धरायचं नाय, बेटा. पहिल्या खेपेला मशीन बी थंड असतं अन् माणूस बी. तुझं तिसरं धरलं."

मला नोकरी मिळाली. घरी जाऊन आईला सांगितलं की काम चांगलं आहे, पण तिथे एका माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. पुढे सहा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसले. डोक्याबद्दलचं माझं मत फारसं बदललेलं नाही. बाकी सगळं बदललं.

आमचं ऑफिस संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात, टाइल्सच्या दुकानाच्या वर. दवाखान्यात लागणारी छोटी मशीनं असतात, त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. पंधरा-वीस माणसं, त्यातले चाचाच तेवढे पन्नाशीच्या पुढचे, आणि त्यांचंच काम असं की ते कुणाला समजावून सांगता यायचं नाही. साहेब, म्हणजे आमचे मालक, पाहुण्यांना सगळ्यांची ओळख करून द्यायचे. हा प्रोग्राम लिहितो, ही तपासते, आणि हे आमचे चाचा, हे परफॉर्मन्स बघतात. एकदा एका पाहुण्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "अय्या, नाटकात असता का तुम्ही?" चाचा म्हणाले, "हौ. पडद्यामागं."

त्यांनी मला त्यांचं काम समजावलं ते त्यांच्या वडिलांच्या दुकानावरून. वडील शिंपी, गुलमंडीत त्यांची छोटीशी गाळेवजा जागा होती. "कापड गिऱ्हाइकाचं, माप गिऱ्हाइकाचं," चाचा म्हणाले. "पण कापड आडवं लावायचं का उभं, कातर कुठनं घालायची, हे मास्टरच्या हातात. एक मास्टर तेवढ्याच कापडात सदरा काढतो अन् वर बाहीला उरवतो. दुसऱ्याला सदऱ्यालाच कमी पडतं. तू लिवते ते कापड. कंपायलर हा मास्टर. अन् मी त्या मास्टरला सांगतो, कातर कुठं घाल." त्या मास्टरला सांगण्याजोग्या सूचना शेकडो असतात. कुठली दिली की प्रोग्राम पळतो, कुठली दिली की उलटा रखडतो, कुठल्या दोघी एकत्र दिल्या की एकमेकींचे पाय ओढतात, हे चाचांना पाठ होतं.

त्यांच्या गळ्यात शाळेतल्या पीटीच्या सरांसारखं स्टॉपवॉच असायचं. कॉम्प्युटर स्वतःच वेळ मोजून सांगतो, सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत सांगतो, तरी चाचा हातानं मोजायचे. "त्याचं त्यानंच मोजायचं अन् आपण मान डोलवायची? नक्को." मोजायचा कॉम्प्युटर वेगळा होता. त्यावर लाल कापडाचं झालरीचं आवरण असे, म्हणून सगळं ऑफिस त्याला नवरी म्हणायचं. नवरीवर कुणी ईमेल उघडायचा नाही, गाणी लावायची नाहीत, पेन ड्राइव्हसुद्धा घालायचा नाही. एकदा नवीन आलेल्या अकाउंटंटनं त्यावर क्रिकेटचा स्कोअर बघितला. चाचांनी आदल्या आठवड्यातली सगळी मापं रद्द केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अकाउंटंट म्हणाला, "चाचा, दोन मिनिटंच बघितला हो." चाचा म्हणाले, "कोण जिंकलं?" त्यानं सांगितलं. "मंग ठीक आहे," म्हणाले आणि कामाला लागले.

'थोडंसं' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. थोडंसं फास्ट झालं असं कुणी म्हटलं की ते स्टॉपवॉच पुढे धरायचे आणि बोलणाऱ्याकडे नुसते बघत राहायचे. कंपायलरनं तयार केलेल्या मशीनच्या भाषेतल्या सूचना ते कागदावर छापून घ्यायचे आणि पेन्सिल घेऊन ओळीन् ओळ वाचायचे, ओठ हलवत, मधेच "वा" म्हणत. पानंच्या पानं आकडे आणि तुटक अक्षरं. मी एकदा विचारलं, यात वा म्हणण्यासारखं काय आहे? त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. मी तिथे चार वेळा तीच गोष्ट करायला सांगितली होती, कंपायलरनं एकदाच केली होती. "बघ, तुझा येडेपणा त्यानं कसा गुपचूप झाकला," म्हणाले. सकाळी सकाळी असं ऐकून घ्यायची मला पुढे सवय झाली.

पण त्यांचा खरा प्रश्न एकच होता. कुठलीही गोष्ट वेगात झाली की ते विचारायचे, "वेग आला कुठून?" वेग कुणी तयार करत नाही, तो कुठून तरी काढलेला असतो, असं त्यांचं ठाम मत. फुकट चाललेल्या कामातून काढला असेल तर शाबास. नाहीतर काय गेलं ते शोधा. साहेब एकदा हर्सूलहून दहा मिनिटांत आलो म्हणून खुशीत सांगत होते. चाचा तिथलेच राहणारे, रस्ता तोंडपाठ. "वेग आला कुठून, साहेब? सिग्नल किती तोडले?" साहेबांनी दोन म्हणून कबूल केलं.

आता त्या डब्याची गोष्ट सांगते. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. हृदयाचा आलेख काढणारं छोटं मशीन, खेड्यापाड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात ठेवलेलं. तिथे दर वेळी डॉक्टर असतोच असं नाही. सिस्टरनं माणसाच्या हातापायाला चिमटे लावायचे, डबा आलेख वाचतो आणि पडद्यावर सांगतो, ठीक आहे, किंवा मोठ्या दवाखान्यात हलवा. पुण्याच्या ज्या कंपनीचे हे डबे, तिला आतलं सॉफ्टवेअर नवं हवं होतं, जुन्याला न कळणारे धोके ओळखणारं. ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जीव ओतून लिहिलं. ओळखायचं सगळं बरोबर, पण जुन्या डब्याचा जीव लहान. एका माणसाचा निकाल द्यायला सव्वादोन मिनिटं लागायला लागली.

पुण्याहून निरोप आला की एका मिनिटाच्या आत बसत असेल तर जुने डबे राहतील. नाहीतर नवे महागाचे डबे घ्यावे लागतील, आणि ते काही सगळीकडे परवडणार नाहीत. जिथे पेशंट जास्त तिथे नवे जातील, बाकीच्या ठिकाणचे उचलून आणतील. उचलायच्या गावांची यादी सोबत होती. मी ती वरून खाली वाचत गेले आणि मधेच थांबले. त्यात फुलंब्रीच्या पुढचं माझं गाव होतं. तिथे माझे आई-वडील राहतात, माझी सगळी भावकी राहते. सगळ्यात जवळचा मोठा दवाखाना म्हणजे संभाजीनगर.

चाचा त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला नांदेडला गेलेले. मी त्यांची वाट बघितली नाही. कंपायलरच्या सूचनांची यादी घेऊन एकेक लावून बघत सुटले. तिसऱ्या दिवशी एक सूचना सापडली. तिचा अर्थ साधारण असा, की आकडेमोडीत फार काटेकोरपणा करत बसू नकोस, सगळे आकडे सरळ आहेत असं धरून चाल. ती दिली, आणि डब्यानं निकाल दिला अडतीस सेकंदांत. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तीनदा मोजलं. तीनदाही अडतीस. आधी साठवून ठेवलेले शेकडो आलेख त्यातून काढले, सगळ्यांचा निकाल बरोबर. साहेबांनी पेढे मागवले आणि ते मीच सगळ्यांना वाटले. पुण्याला मेल गेला. सहा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मलाही हे जमतं, त्यासाठी गळ्यात स्टॉपवॉच घालून फिरायची गरज नाही.

चाचा सोमवारी आले. मी पेढा पुढे केला. त्यांनी तो हातात धरला, खाल्ला नाही.

"सव्वादोन मिनिटांचे अडतीस सेकंद?"

"हौ, चाचा." मी मुद्दाम त्यांच्यासारखं म्हटलं.

"वेग आला कुठून?"

"कंपायलरनं दिला."

"कंपायलरच्या बापाचा आहे का?" पेढा त्यांनी कागदात गुंडाळून ठेवला आणि छापलेले कागद मागितले.

मला राग आला, खरंच राग आला. माझं यश या माणसाला बघवत नाही, असं मी त्या दिवशी दोघा-तिघांना बोलूनही दाखवलं. चाचा तीन दिवस वाचत होते. रोज साडेपाचला कागद बंद करून घरी जायचे, सकाळी पुन्हा उघडायचे. गुरुवारी दुपारी त्यांनी मला आणि साहेबांना नवरीच्या खोलीत बोलावलं. खुर्चीवर बसले, पँट घोट्याच्या वर दुमडली, बाह्या सरकवल्या आणि डब्याचे चिमटे स्वतःच्या हातापायाला लावले. अडतीस सेकंदांनी पडद्यावर आलं, ठीक आहे. मग त्यांनी चारही चिमटे काढून टेबलावर ठेवले आणि पुन्हा बटण दाबलं. आता डब्याला कुणीच जोडलेलं नव्हतं. आम्ही तिघं बघत राहिलो. पडद्यावर आलं, ठीक आहे.

"कोण ठीक आहे?" चाचांनी मला विचारलं. "टेबल?"

मी चिमटे उचलून बघितले. कारण चिमटा सुटला की 'वायर सुटली' असं सांगायची सोय मीच केली होती, माझ्या हातानं लिहिली होती, आणि तिचा मला भारी अभिमान होता. चिमटा सुटला की आलेख सपाट होतो, आणि हिशेबात एका ठिकाणी शून्याला शून्यानं भागायची पाळी येते. त्याचं उत्तर संख्याच नसतं. ते ओळखायची युक्ती अशी, की असं उत्तर स्वतःशीसुद्धा जुळत नाही. मी एका ओळीत तेवढंच विचारलं होतं, हा आकडा स्वतःशी जुळतो का? नाही जुळला तर थांब आणि सिस्टरला सांग. पण मीच दिलेल्या सूचनेत म्हटलं होतं की सगळे आकडे सरळ आहेत. कंपायलरनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. सगळे सरळ असतील तर प्रत्येक आकडा स्वतःशी जुळणारच, मग ही ओळ हवी कशाला? त्यानं ती कातरून टाकली. जी संख्याच नाही ती कशाहून मोठी नसते, लहानही नसते, म्हणून पुढे धोक्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर 'नाही' येत गेलं, आणि डबा बिनदिक्कत ठीक म्हणत राहिला. मी तपासलेले आलेख सगळे नीट चिमटे लावून काढलेले होते, त्यात हे कधी दिसणारच नव्हतं.

साहेबांनी क्षीण आवाजात म्हटलं, "पण चाचा, सिस्टर चिमटे नीट लावतातच की."

चाचा चिडले की दखनी हिंदीत शिरायचे. "कायकू लगाती नीट? मई का महिना, पसीना, मरीज तडपतंय, पंखा बंद. चिमटा सुटणारच, साहेब!" मग माझ्याकडे वळले. आवाज उतरला होता. "अब्बांच्या दुकानात बाया यायच्या. 'मास्तर, ब्लाऊजला माया ठेवा बरं का,' म्हणायच्या. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त सोडतात, त्याला माया म्हणतात. आमच्या घरात त्याला दाब म्हणायचे. मला शब्द ठाऊक नाय. मी जाऊन अम्मीला सांगितलं, सगळ्या बाया अब्बाला माया ठेवा म्हणतात. दोन दिवस अब्बाला जेवण नाय भेटलं."

साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यांचं बोलणं कुठे चाललं आहे हे मला कळलं होतं.

"माया दिसत नाय, बेटा. बाहेरून बघितलं तर ते कापड फुकट गेलेलं असतं. नवा कारागीर पहिल्यांदा तेच कापतो अन् म्हणतो, बघा, किती वाचवलं. तू पोरखेळ नाय केला, नवा कारागीर करतो तेच केलं. वेग इथनं आला."

पुण्याला कळवायचं कुणी, हा प्रश्न होता. साहेब चाचांकडे बघत होते. चाचा म्हणाले, "जिनं पेढे वाटले, तिनं." मी स्पीकरवर फोन लावला आणि पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमना सांगितलं की अडतीस सेकंद खोटे आहेत, चूक माझी आहे, आम्हाला दहा दिवस द्या.  त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं." त्यांनी दहा दिवस दिले. मी फोन ठेवला तेव्हा चाचा गुंडाळून ठेवलेला पेढा खात होते. चार दिवसांचा वाळलेला पेढा. आयुष्यात मला कुठल्या बक्षिसाचं इतकं बरं वाटलेलं नाही.

त्या दहा दिवसांत मी जे शिकले ते कॉलेजच्या चार वर्षांत शिकले नव्हते. चाचांनी ती धोक्याची सूचना फेकून नाही दिली. "ढिलाई एका खोलीपुरती," म्हणाले. आकडे सरळ आहेत याची आधी खात्री करून घ्यायची, आणि मग आतल्या एकाच मोठ्या हिशेबापुरती ती सूचना द्यायची. बाकी सगळीकडे काटेकोर. मग त्यांनी खरे आलेख डब्यातून शेकड्यांनी काढले आणि प्रोग्राम कुठल्या वाटेनं जास्त चालतो याची नोंद करून ती कंपायलरला दाखवली, म्हणजे तो वहिवाटीची वाट आधी सरळ करतो. सगळे जण वेगासाठी प्रोग्राम फुगवतात, चाचांनी काही भाग मुद्दाम लहान करायला लावले, कारण डब्याची जवळची स्मृती, म्हणजे हाताशी लागेल ते ठेवायची जागा, इतकीशीच होती आणि फुगलेलं त्यात मावत नव्हतं. रोज सेकंद उतरत गेले. नव्वद, चौऱ्याहत्तर, पासष्ट. नवव्या दिवशी सत्तावन्न आले. मी टाळी वाजवायला हात उचलले.

"पहिल्या रनला किती?" चाचांनी विचारलं.

"चौसष्ट. पण पहिला तुम्ही कधी धरतच नाही."

"आपल्या कामात नाय धरत. पण सिस्टर डबा कधी चालू करंल? पेशंट आल्यावर. आधी दोनदा गरम करून ठेवणार हाय का ती? पेशंटचा पहिलाच रन असतो, बेटा. तोच धरायचा."

आयुष्यभर पाळलेला नियम त्या माणसानं एका वाक्यात बाजूला ठेवला, आणि उरलेला सगळा दिवस मिनिटावरच्या त्या चार सेकंदांच्या मागे घालवला. सुरुवातीलाच लागणारे प्रोग्रामचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले होते. फोडणीला लागणारं सगळं एका फळीवर ठेवावं तसे त्यांनी ते शेजारी शेजारी आणले. दहाव्या दिवशी, थंड डब्यावर, पहिल्या रनला, छप्पन्न सेकंद. चिमटा काढला. वायर सुटली. पुन्हा काढला. वायर सुटली. त्या दिवशी पेढे साहेबांनी वाटले, मी नुसती खात बसले.

उन्हाळ्यात मी चाचांना माझ्या गावी घेऊन गेले. त्यांना डबा कामावर असताना बघायचा होता. उपकेंद्रात पोचलो तर आमच्या शेजारची म्हातारी बाकावर आडवी, घामानं निथळत, सकाळपासून छातीत कसंतरी होतंय म्हणून आणलेली. सिस्टरनं चिमटे लावले, बटण दाबलं. डबा किंचाळला, वायर सुटली. तिनं मनगट पुसलं, पुन्हा लावला. पुन्हा वायर सुटली. सिस्टर वैतागली. "लई कटकटी मशीन हाय बाई हे. जरा चिमटा हलला की बसतंय अडून." तिसऱ्यांदा तिनं म्हातारीचा हात कोरडा करून चिमटा पक्का लावला आणि धरून ठेवला. माझ्या शेजारी स्टॉपवॉचचा टिक् आवाज आला. पडद्यावर अक्षरं उमटली, मोठ्या दवाखान्यात हलवा. पुन्हा टिक्.

म्हातारी पुढे बरी होऊन घरी आली, हे आताच सांगून टाकते. गाडी तिला घेऊन गेल्यावर सिस्टर बाहेर येऊन पायरीवर टेकली. माझ्यानं राहवलं नाही. "सिस्टर, ती कटकट आहे ना, ती ह्यांच्यामुळे आहे."

तिनं चाचांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मशीन तुम्ही बनवलं व्हय?"

"नाय, नाय. मी नाय."

"मंग त्याच्यातला प्रोग्राम?"

"तो हिनं लिवला." चाचांनी माझ्याकडे बोट केलं, आणि ते इतक्या थाटात केलं की मी मान खाली घातली.

"मंग तुम्ही काय केलं?"

मी तोंड उघडलं. कंपायलर, मास्टर, कातर, कुठून सुरुवात करावी ते सुचेना. सहा वर्षं शेजारी बसून मला या माणसाचं काम एका बाईला सांगता येत नव्हतं. चाचा मात्र विचार करत होते, खरोखरच विचार करत होते, जणू हा प्रश्न त्यांना कुणी पहिल्यांदाच नीट विचारला होता.

"जे काढायचं नव्हतं," ते म्हणाले, "ते काढू दिलं नाय."